तवांगला राहिलेला दिवा

अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या निम्म्या मराठी घरांचे कागद शशिकांत मोहिते यांच्या डायनिंग टेबलावरून गेलेले आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पासपोर्टचं नूतनीकरण असो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड असो, कुणाच्या आईवडिलांचा व्हिसा असो. शनिवारी सकाळी दहाला काकांकडे जायचं, दारात चपला काढायच्या आणि गपगुमान खुर्चीत बसायचं. काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, काळं पेन काढायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर फॉर्म फाडायचा आणि नवा घ्यायचा." फोटो दोन इंच बाय दोन इंच म्हणजे दोनच. काका पट्टी लावून मोजायचे. सही चौकटीबाहेर एवढीशी डोकावली तरी पोरांना पुन्हा करायला लावायचे. आयटीतली मोठी मोठी पोरं, पन्नास माणसं हाताखाली असलेली, काकांपुढे शाळेत अंगठे धरल्यासारखी बसायची.

आणि उल्काकाकू आतून पोह्यांच्या बशा घेऊन यायच्या. "खा रे बाबांनो. यांच्या तपासणीत पास झालात की नाही ते नंतर बघू." मग नवऱ्याकडे बघून एखादा चिमटा, "सगळ्या गावाचे कागद करा. माझं एक काम आहे ते ठेवा मागे."

सगळे हसायचे. काकाही हसायचे. काकूंचं ते एक काम काय होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

काका मूळचे कराडचे. सिव्हिल इंजिनियर होऊन चौऱ्याऐंशी साली जॉर्जियात आले आणि एकतीस वर्षं पुलांची डिझाइनं केली. एकही पूल पडला नाही, असं ते अभिमानाने सांगायचे, जणू बाकीच्यांचे रोज पडतात. काकू वाईजवळच्या एका खेड्यातल्या. इथल्या शाळेच्या कॅफेटेरियात त्यांनी वीस वर्षं पोरांना जेवण वाढलं. पोरं त्यांना मिस उल्का म्हणायची. कुणी ताटात गाजरं टाकून दिली की त्यांना अजूनही वाईट वाटायचं, एवढी बाई साधी.

काकूंचे वडील, हवालदार दत्ताजी पिसाळ, फौजेत होते. बासष्ट साली त्यांची तुकडी तवांगला गेली तेव्हा उल्का पाच वर्षांची होती. तिथून उल्काच्या आईला एक पत्र आलं. ते पत्र काकूंनी लग्नात माहेराहून आणलं, समुद्रापार आणलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या खणात ठेवलं. घडीवर शाई पुसट झाली होती, पण काकूंना ते तोंडपाठ होतं. "इथे डोंगरावर मोठा मठ आहे. आत दोन माणूस उंच बुद्ध बसला आहे, म्हणजे दोनाहूनही उंच असेल, मान दुखते बघताना. लामांनी चहा दिला, त्यात मीठ आणि लोणी. तू असा चहा केला असतास तर मी कप भिरकावला असता. पण इथल्या थंडीत दोन वाट्या प्यायलो. उल्कीच्या नावाने एक दिवा लावला. मोठी झाली की तिला दाखवायला आणीन."

त्यानंतर पत्र आलं नाही, माणूसही आला नाही. तार आली ती बेपत्ता अशी. काकूंच्या आईने पुढे अकरा वर्षं कुंकू पुसलं नाही.

तर काकूंचं काम एवढंच होतं. "त्यांनी माझ्या नावाने लावला. मी जाऊन त्यांच्या नावाने एक लावून येते. मग माझं मन निवलं." चाळीस वर्षांत बाईने दुसरं काही मागितलं नाही. ना दागिना, ना क्रूझ.

काका नाही कधीच म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर एक वेळ परवडलं असतं. ते म्हणायचे, जाऊ की. आधी लेकीची, उर्वीची, शाळा होऊ दे. मग घर होऊ दे. मग कराडला आईंचं आजारपण निघालं, सगळ्या सुट्ट्या तिकडे गेल्या. मग उर्वीचं कॉलेज, मग तिचं लग्न. प्रत्येक कारण खरं होतं, हीच तर गोची.

मध्ये सत्त्याण्णव साली दोघांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं. काकूंच्या मनात नव्हतं. अटलांटात शपथ घेऊन परत येताना त्या गाडीत डोळे पुसत होत्या. "अहो, ज्या देशासाठी बाबा गेले त्याचा पासपोर्ट मी आज सोडून दिला."

"फक्त कागद आहे गं," काका म्हणाले. "मन कुठे बदलतंय?"



शेवटी दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात मुहूर्त लागला. काका निवृत्त, काकू निवृत्त, गुडघे अजून शाबूत. तिकिटं काढली, गुवाहाटीहून गाडी ठरवली. अरुणाचलात शिरायला परवाना लागतो, तोही काकांनी महिनाभर आधी ऑनलाइन काढला. ओसीआय म्हणजे मतदान आणि शेतजमीन सोडून बाकी सगळं भारतीयांसारखंच, हे वाक्य काकांनी अल्फारेटात किमान दोनशे जणांना ऐकवलं होतं. त्याच भरवशावर त्यांनी भारतीयांसाठीचा परवाना भरला आणि ओळखपत्र म्हणून जुनं पॅनकार्ड जोडलं. फसवायचं मनात नव्हतं हो! त्यांना खरंच वाटत होतं की हेच बरोबर आहे. दुसऱ्याच्या फॉर्मवर त्यांनी तळटीपेपर्यंत वाचलं असतं. स्वतःचा होता, म्हणून डोळे मिटून भरला.

भालुकपाँगला राज्याची वेस आहे. तिथल्या नाक्यावर साहेबाने ओळखपत्र मागितलं आणि काकांनी ऐटीत दोन निळी ओसीआय कार्डं पुढे ठेवली. साहेबाने ती उलटीपालटी केली, परवाना बघितला, पुन्हा कार्डं बघितली.

"सर, आप तो विदेशी हैं. ये परमिट आपका नहीं चलेगा."

काका हसले. समजावायला लागले. ओसीआयचे नियम सांगायला लागले. साहेब भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, पण विदेशी नागरिकांचा परवाना वेगळा, तो आधी काढावा लागतो, दिवस लागतात, हे तीनदा सांगितलं. परतीचं विमान पाच दिवसांवर होतं. काकांनी कुणाकुणाला फोन लावले, आवाज चढवला, मग उतरवला. शेवटी हात जोडले. पुलांचा इंजिनियर, निम्म्या गावाचा काका, नाक्यावर हात जोडून उभा होता आणि काकू गाडीत बसून ते बघत होत्या.

ते परत आले तेव्हा काकूंनी विचारलं, "तवांग त्या डोंगरांच्या मागेच ना हो?"

"हो. अजून बराच लांब आहे तसा."

"फक्त कागद, नाही का हो?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर काकांनी सोसला असता. त्या खरंच विचारल्यासारख्या बोलल्या.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या टपरीवरून मराठी ऐकू आलं. "अगं, माझा मफलर बसमध्येच राहिला!" नाशिकच्या बायकांची सहल होती, पंधरा-वीस जणी, वर तवांगलाच निघालेल्या. काकू गाडीतून उतरल्या आणि थेट तिकडे गेल्या. मरून स्वेटर घातलेल्या एका बाईंना त्यांनी गाठलं. वीणा त्यांचं नाव, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. काकूंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पत्रातला दिवा, नाका, सगळं. आणि परक्या बाईपुढे पदर पसरल्यासारखं मागितलं, बाबांच्या नावाने एक दिवा लावाल का. वीणाताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"उल्काताई, तुमच्या बाबांचा दिवा लावल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. आणि फोटो पाठवते. नंबर द्या तुमचा."

नंबर काकांनी लिहून दिला. आता नाही तर कधी कामाला येणार ते अक्षर! खिशातली छोटी वही काढली, बॉनेटवर ठेवली, काळ्या पेनाने ठळक लिहिलं. वर हवालदार दत्ताजी पिसाळ, खाली उल्का मोहिते, त्याखाली काकूंचा मोबाइल नंबर. पान सरळ फाडून वीणाताईंच्या हातात दिलं. बसने हॉर्न दिला. त्या धावत गेल्या आणि त्यांचा नंबर घ्यायचा राहून गेला.

दोघं अल्फारेटाला परत आली. काकू फोन उशाशी ठेवायला लागल्या. पहिला आठवडा म्हणायच्या, वर रेंज नसेल. दुसरा आठवडा म्हणायच्या, सहल संपून नाशिकला पोचल्या की पाठवतील. पोहे परतताना फोन वाजला की गॅस बंद करून यायच्या, तर तो मंडळाच्या ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा गुलाब असायचा. डिसेंबर गेला, संक्रांत गेली.

काकांना राग यायचा. त्यांना तो राग बराही वाटायचा, कारण तो स्वतःवर नव्हता. "हात धरून बोलली बाई, डोळ्यांत पाणी आणून! तोंडावर एक आणि पाठीमागे एक. बसमध्ये बसल्यावर विसरली असेल." चार लोकांत सांगताना तर ते अख्ख्या नाशिकलाच नावं ठेवायचे.

"असू द्या हो," काकू म्हणायच्या. "त्यांचे कुठे वडील होते ते? विसरल्या असतील." पण हे म्हणताना त्यांचा चेहरा उतरायचा.

मार्चमध्ये काकूंना जेवण जाईनासं झालं. तपासण्या झाल्या, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पुष्कळ पुढे गेलेला. काकांनी त्याच आठवड्यात विदेशी नागरिकांचा परवाना काढायला घेतला. हा परवाना एकट्याला सहसा मिळत नाही, किमान दोन माणसं लागतात. त्यांनी दोन नावं भरली, सगळ्या तळटीपा वाचल्या, प्रत्येक रकाना तीनदा तपासला. परवाना आला तेव्हा काकू पलंगावरून बाथरूमपर्यंत चालू शकत नव्हत्या.

काकांनी तो छापून त्यांच्या हातात दिला. काकूंनी दोघांची नावं वाचली. "छान भरलाय," म्हणाल्या.

काकूंनी डोळे मिटले त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून आलेली उर्वी त्यांच्या पायांना तेल लावत होती. काकू मध्येच म्हणाल्या, "फोन बघ गं. काही आलंय का?"

उर्वीने बघितलं. "नाही, आई."

"दिवा राहिलाच मग," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. काका दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

काकू गेल्यावर शनिवारची बैठक बंद झाली. लोक फोन करायचे, काका म्हणायचे, ऑनलाइन सगळं आहे, वाचून भरा. स्वतःचाही एक फॉर्म त्यांनी भरला नाही, काकूंच्या मोबाइलची लाइन बंद करण्याचा. मृत्यूचा दाखला जोडायचा असतो त्याला. फोन देवघराच्या खणात, पत्राशेजारी, चार्जरला लावलेला राहिला.

वर्षभराने उर्वी म्हणाली, "बाबा, लेट्स गो. तू आणि मी. दोन माणसं लागतात ना? मी आहे दुसरी."

या खेपेला भालुकपाँगच्या नाक्यावर दहा मिनिटं लागली. दुसराच साहेब होता, त्याने कागद बघितले, शिक्का मारला, म्हणाला, जाइए. एवढंच! काका टपरीकडे बघत राहिले आणि उर्वीने त्यांना कोपराला धरून गाडीत बसवलं.

तवांग आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सेला घाटात बर्फ होता, काकांना धाप लागत होती. सकाळी ते मठात गेले. पिवळी छपरं, दगडी पायऱ्या, आत तो बुद्ध. बघताना मान दुखते, हवालदारांनी खोटं लिहिलं नव्हतं. काकांनी मान वर केली आणि त्यांना रडू कोसळलं. चष्मा काढून ते उभ्यानेच रडले, आजूबाजूचे पर्यटक बाजूला झाले.

दिव्यांची खोली वेगळी होती. दारात एक म्हातारे लामा बसले होते, पुढ्यात जाड वही. ज्याच्या नावाने दिवा लावायचा त्याचं नाव त्या वहीत लिहायचं. काकांनी पेन काढलं आणि थबकले.

"पुराना रजिस्टर है? दो साल पहले का?"

"बाबा, कशाला?" उर्वी म्हणाली.

"बघू तर खरं, त्या बाईने लावला का. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे."

लामांनी कपाटातून वही काढून दिली. काका पानं उलटत गेले. नोव्हेंबर, दोन हजार बावीस. इंग्रजी नावं, हिंदी नावं, आणि मग एका पानाच्या तळाशी मास्तरणीचं वळणदार मराठी अक्षर: "हवालदार दत्ताजी पिसाळ यांच्यासाठी, त्यांची लेक उल्का हिच्यातर्फे. उल्काताई, नंबर तुम्हाला लागत नाहीये. पुढेमागे आलात तर कळावं म्हणून माझा लिहून ठेवते. वीणा, नाशिक."

तारीख नाक्यावरच्या भेटीनंतर तिसऱ्या दिवसाची.

काका पायरीवर खाली बसले. फोन उर्वीनेच लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला. उर्वीने नाव सांगितलं मात्र, वीणाताई ओरडल्याच, "अगंबाई! उल्काताईंची मुलगी? किती शोधलं मी तुम्हाला! त्या नंबरवर कुणी तरी टेम्पोवाला उचलायचा, रोज माझ्यावर खेकसायचा. आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, अमेरिकेत कुणाकुणाला विचारलं. द्या ना उल्काताईंना, आधी त्यांच्याशी बोलते."

उर्वी वडिलांकडे वळली. काकांनी फोन घेतला.

"मी शशिकांत मोहिते. उल्का गेली. वर्ष झालं."

"अरे देवा," वीणाताई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "त्यांना कळलं होतं का हो, दिवा लावल्याचं?"

"नाही."

"म्हणजे... मी विसरले असं वाटलं त्यांना?"

खोटं बोलता आलं असतं. काका म्हणाले, "हो. आम्हा दोघांनाही."

वीणाताई रडायला लागल्या. रडत रडत म्हणाल्या, फोटो अजून आहे, पुसला नाही, आत्ता पाठवते, नंबर सांगा.

"तिच्याच नंबरवर पाठवा," काका म्हणाले. "चालू आहे तो. लिहून घ्या. प्लस वन..." आणि तिथेच ते थांबले.

उर्वीने फोनवर हात धरून त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, तेव्हा चिठ्ठीत आधी अमेरिकेचं प्लस वन लिहिलं होतंस ना?"

"म्हणजे काय! लिहिलं असणारच. मी असा अर्धवट नंबर लिहीन होय?" ते जवळजवळ खेकसलेच. "त्यांनीच उतरवताना काही तरी गोंधळ केला असेल."

उर्वीने फोन घेऊन राहिलेला नंबर सांगून टाकला. काकांनी दोन दिवे लावले, वहीत दोन नावं लिहिली. अक्षर नेहमीसारखंच ठळक आलं.

अल्फारेटाला पोचले तेव्हा सकाळ होती. उर्वी अटलांटाहूनच कॅलिफोर्नियाच्या विमानात बसली होती. काकांनी बॅग दारातच ठेवली, बूट न काढता देवघराकडे गेले, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं. खणातून काकूंचा फोन काढला. त्यावर वीणाताईंचा मेसेज येऊन पडला होता. "उल्काताई, मठात पोचल्याबरोबर लावला होता. बाबांचं नाव मोठ्याने घेतलं मी. माफ करा, पोचवता आलं नाही."

खाली फोटो होता. पितळेचा दिवा, स्थिर ज्योत. आणि दिव्याला टेकवून ठेवलेली चिठ्ठी, नाव नीट दिसावं म्हणून.

काका डायनिंग टेबलाशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. हवालदार दत्ताजी पिसाळ. उल्का मोहिते. आणि त्याखाली नंबर, सातशे सत्तरपासून सुरू होणारा, जसा ते इथल्या प्रत्येक फॉर्मवर चाळीस वर्षं लिहीत आले होते तसाच. इथे आधी प्लस वन लावावं लागत नाही. भारतात मात्र असा दहा आकडी नंबर कुणाचाही असू शकतो, एखाद्या टेम्पोवाल्याचाही.

त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा मोजला. दहा भरले. पुन्हा मोजले.

"उल्के, बाई विसरली नव्हती गं," ते मोठ्याने म्हणाले. "मीच चुकलो."

स्वयंपाकघर रिकामं होतं. काका चिठ्ठीकडे बघत राहिले. अक्षर ठळक होतं, ओळ सरळ होती, कुठेही खाडाखोड नव्हती.